समुद्रावरचा पहारा आणि पहारेकऱ्याचे नियम

नागपूरला समुद्र नाही. मुंबईचा किनारा येथून आठशे किलोमीटरांवर. पाणी म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे अंबाझरी, फुटाळा आणि गांधीसागर एवढेच येते. तेव्हा समुद्रावर आणि आकाशात गस्त घालणाऱ्या शिपायांचे नियम हा विषय या व्याख्यानमालेत कशासाठी, असे कोणी विचारले तर ते गैरवाजवी म्हणता येणार नाही. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले इतिहासाचे. या नागपूरच्या राज्याला एके काळी समुद्र होता. १७५१ साली ओरिसा प्रांत रघूजी भोसल्यांच्या सत्तेखाली आला आणि १७ डिसेंबर १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक व बालेश्वर बंदरासह तो इंग्रजांकडे गेला. बावन्न वर्षे किनारा आपला होता, पण बंगालच्या उपसागरावरचा पहारा मात्र इंग्रजांच्या जहाजांचा होता. किनारा असणे आणि पाण्यावर हुकूम चालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा नागपूरकरांनी फार पूर्वीच घेतलेला आहे. दुसरे उत्तर असे की, समुद्र नसला तरी आकाश आपल्याही डोक्यावर आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास अशा चारी दिशांची विमाने मध्यरात्री नागपूरलाच एकत्र येऊन टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत. आज वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयही येथेच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जमिनीवरच्या सीमेला दगड असतो, खांब असतो, निदान एखादा नाला तरी असतो. गावचा पाटील बोट दाखवून सांगू शकतो की येथवर आमचे, पुढे त्यांचे. पाण्यावर रेघ ओढता येत नाही आणि हवेत खांब रोवता येत नाही. तेथे सीमा म्हणजे बहुतेक वेळा पहाऱ्यावरचा माणूस सांगेल ती. होडीतल्या कोळ्याच्या दृष्टीने पाहिले तर चाचा आणि पहारेकरी दोघेही एकाच रीतीने येतात. दोघेही शस्त्र दाखवतात, दोघेही थांबायला सांगतात, दोघेही होडीवर चढून मालाची उलथापालथ करतात. मग दोघांत भेद कोणता? आमच्या मते भेद फक्त नियमाचा आहे, आणि तो तीन प्रश्नांनी ओळखता येतो. पहारेकऱ्याने दिलेला परवाना खुद्द पहारेकऱ्याला बांधतो की नाही? पहारेकऱ्याचे पोट कशावर चालते? आणि धरलेल्या माणसाचे पुढे काय होते? हे तीन प्रश्न घेऊन आपल्या पश्चिम किनाऱ्याचा पाचशे वर्षांचा इतिहास चाळला तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. त्यापूर्वी अरबी समुद्रात भांडणे होत नव्हती असे नाही, चाचेही होते. परंतु समुद्र कोणा एकाच्या मालकीचा आहे असा दावा येथे कोणी केला नव्हता. तो पोर्तुगिजांनी केला. १५०२ च्या सुमारास त्यांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला आणि १५१० साली गोवा घेतल्यावर तो पक्का केला. प्रत्येक गलबताने हा कागद जवळ बाळगावा. पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी. मिरीसारखा राखून ठेवलेला माल, शस्त्रे आणि पोर्तुगिजांचे शत्रू यांची ने-आण करू नये, अशा त्याच्या अटी होत्या. कागद नसेल तर गलबत आणि माल दोन्ही जप्त. पिढ्यान् पिढ्या ज्या वाटेने आपले व्यापारी गेले, त्याच वाटेने जाण्यासाठी आता परक्याची चिठ्ठी लागू लागली. अकबरासारख्या बादशहाची मक्केला जाणारी जहाजेसुद्धा ती चिठ्ठी घेऊनच निघत.

बरे, चिठ्ठी घेतल्यावर तरी अभय होते काय? १६१३ साली जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहिमी’ हे मोठे जहाज सुरतेजवळ पोर्तुगिजांनी धरले. त्या जहाजाजवळ पोर्तुगिजांचाच परवाना होता. तरीही ते धरून गोव्याला नेण्यात आले. कारण काय, तर इंग्रजांना सुरतेत थारा दिल्याबद्दल मोगलांवर त्यांना दबाव आणायचा होता. बादशहाने चिडून दमणवर फौज पाठवली आणि पोर्तुगिजांचा व्यापार बंद पाडला. बादशहाच्या आईजवळ फौज होती म्हणून निदान एवढे तरी झाले. एखाद्या रत्नागिरीच्या किंवा चौलच्या नाखव्याचे गलबत असेच धरले असेल तेव्हा त्याने कोणाचे दार ठोठावले असेल? जो परवाना घेणाऱ्याला बांधतो आणि देणाऱ्याला मोकळा सोडतो त्याला नियम म्हणता येत नाही. ती खंडणीची पावती होय.

युरोपातही या मक्तेदारीचा वाद पेटला. १६०३ साली डचांनी ‘सांता कातरीना’ हे पोर्तुगीज जहाज सिंगापूरजवळ लुटले. त्या लुटीचे समर्थन करण्याचे काम ह्यूगो ग्रोशियस या तरुण वकिलाकडे आले, आणि त्यातून १६०९ साली त्याचे ‘मुक्त समुद्र’ या अर्थाच्या नावाचे प्रसिद्ध पुस्तक निघाले. समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, हे थोर तत्त्व एका कंपनीच्या लुटीची वकिली करताना छापून आले, ही गोष्ट विसरू नये. तत्त्व खरे असले तरी ते कोण कशासाठी उच्चारतो आहे हे पाहण्याची सवय कामगार चळवळीने आम्हांला लावली आहे.

आता आपल्या घराकडे वळू. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी हाती आल्यावर गलबते बांधायला घेतली, १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी खांदेरीचे बेट तटबंदी करून बळकावले. हा पराक्रम आपण शाळेत शिकतो. पण या आरमाराने पाण्यावर कसे वागावे याचे नियम लिहिलेले आहेत, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ते नियम रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहेत. हा ग्रंथ १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारासाठी लिहिला गेला. त्याच्या आरमारावरील प्रकरणात समुद्रावरच्या शिपायाने काय करावे आणि, त्याहून महत्त्वाचे, काय करू नये, हे एखाद्या कारखान्याच्या स्थायी आदेशांसारखे कलमवार मिळते.

त्यातले पहिले कलम पगाराचे आहे, आणि ते वाचून आम्ही चकित झालो. पंत सांगतात की आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. समुद्रावर जी पैदास होईल तीवर आरमाराची नेमणूक सहसा करू नये. कारण काय? शिपायाचे पोट पैदाशीवर ठेवले की तो सावकारांना उपद्रव देईल, सावकारी बुडेल आणि बंदरे उजाड होतील. तीनशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य आहे! पहारेकऱ्याच्या वर्तनाचा उगम त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या पगारपत्रकात शोधावा लागतो, हे ज्याने ओळखले तो माणूस मोठा व्यवहारी असला पाहिजे. आमच्या उमेदीच्या काळात एका कारखान्याच्या फाटकावर असाच एक प्रकार चाले. माल चोरून नेणारा कामगार पकडला की फाटकवाल्याला बक्षिसी मिळे. महिना संपत आला की पकडलेल्यांची संख्या हटकून वाढे आणि कोणाच्या डब्यात सुताचा गुंडा, कोणाच्या पिशवीत पितळेचा तुकडा निघे. बक्षिसी बंद करून त्या फाटकवाल्यांचा पगार वाढवा, अशी मागणी आमच्या युनियनने केली तेव्हा व्यवस्थापकांना हसू आले. रामचंद्रपंतांना हसू आले नसते.

दुसरे कलम परवान्याचे. ज्या सावकाराजवळ आपला कौल आहे त्याच्या गलबताला येता-जाता यत्किंचितही धक्का लावू नये. ज्याच्याजवळ कौल नाही असे परमुलखीचे तरांडे दिसले तर त्यालाही एकदम शत्रू समजू नये. दिलासा देऊन, आपल्या नजरेखाली बंदरात आणावे, लाकूडफाटा, पाणी, नारळ जे हवे ते त्याला मिळू द्यावे आणि हलकी जकात घेऊन त्याचा व्यवहार होऊ द्यावा. शत्रूच्या मुलखातील तरांडे असेल तर ते आणून वरिष्ठांना कळवावे. निकाल हुजुरातून होईल. म्हणजे धरणारा एक आणि निकाल देणारा दुसरा, ही वाटणी तेथे आहे.

तिसरे कलम सावधगिरीचे. लढाईत शत्रू कौल मागू लागला, तर त्याच्या शब्दावर भरवसा ठेवून एकाएकी जवळ जाऊ नये. आपली गलबते सज्ज ठेवून, त्याच्याच होडीतून त्याचा शहाणा माणूस आपल्याकडे बोलावून घ्यावा. चौथे कलम आम्हांला सगळ्यांत प्रिय आहे. पावसाळ्यात आरमार छावणीस ठेवायचे ते दर वर्षी एकाच बंदरात ठेवू नये, कारण आरमाराच्या लोकांचा त्या गावाला उपद्रव होतो. आणि गलबतांसाठी लाकूड हवे असेल तर अरण्यातील साग वगैरे परवानगीने तोडावा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जुने झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच न्यावे. शत्रूपासून राखण्याचे नियम सगळी राज्ये करतात. राखणदारापासून रयतेला राखण्याचे नियम करणारी राज्ये थोडी.

हे सर्व नियम नेहमी पाळले गेले असे कोणी समजू नये. नियम लिहावा लागला, याचाच अर्थ तो मोडणारे होते. आणि मराठ्यांचा परवाना हा देखील अखेर पैसे घेऊन दिलेला परवानाच होता. सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कुलाबा, खांदेरी, विजयदुर्ग या ठाण्यांच्या बळावर कोकण किनाऱ्यावर आपले दस्तक चालू केले, आणि दस्तक नसलेली गलबते धरली. मुंबईकर इंग्रज त्यांना चाचा म्हणत. हा चाचेपणा कसला होता, ते १७१३ च्या कराराच्या पुढच्या भांडणावरून कळते. इंग्रजांची जहाजे अडवणार नाही असे आंग्र्यांनी त्या करारात कबूल केले. पण इंग्रज आपले निशाण आणि आपले पास येथल्या देशी व्यापाऱ्यांच्या गलबतांनाही देऊ लागले आणि तीही आमचीच समजा असे म्हणू लागले. कान्होजींचे म्हणणे असे की, निशाण लावल्याने मालक बदलत नाही. हा वाद आजही जिवंत आहे. जगातील निम्मी व्यापारी जहाजे मालकाच्या देशाचे निशाण सोडून भलत्याच देशाचे निशाण लावून फिरतात आणि खलाशाच्या पगाराची दाद कोठे मागावी हे कळू देत नाहीत. त्या वादाचा निकाल कागदावर लागला नाही. गव्हर्नर बून याने विजयदुर्ग आणि खांदेरीवर मोहिमा काढल्या, १७२१ साली पोर्तुगिजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली. त्या सगळ्या फसल्या. १७२९ साली कान्होजी वारले तेव्हा त्यांचा समुद्र त्यांच्याच हाती होता.

पुढे घरात फूट पडली. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला, आणि तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, हे लज्जास्पद असले तरी खरे आहे. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि शिपायांनी आपसांत वाटून घेतली. लुटीत हिस्सा हा त्या काळी ब्रिटिश आरमाराचा राजमान्य रिवाज होता. पैदाशीवर नेमणूक नसावी असे सांगणाऱ्याला आपण मागासलेला समजतो आणि पैदास वाटून घेणाऱ्याला कायद्याचा राजा समजतो, हे इतिहासाच्या पुस्तकांनी आपल्याला शिकवले आहे.

इंग्रजी अमदानीत पहारा इंग्रजांचा आणि पहाऱ्यावरची माणसे येथली, अशी स्थिती झाली. ती माणसे कोणत्या हालात होती हे १८ फेब्रुवारी १९४६ ला जगाला कळले. मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक शाळेतील शिपायांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध काम बंद केले, आणि बघता बघता ते लोण जहाजाजहाजांवर पोहोचले. २२ तारखेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी संप केला. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. पहारेकरी हाही रोजगार करणारा माणूस आहे, ही ओळख त्या फेब्रुवारीत परळ-लालबागच्या चाळींनी दिली. आजच्या कायद्याने नौदलाच्या, तटरक्षक दलाच्या किंवा सीमा सुरक्षा दलाच्या जवानाला युनियन करता येत नाही. त्याची कारणे असतील. पण ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्या अन्नाची, पगाराची, रजेची चौकशी बाहेरच्या नागरिकांनी करावी लागते, एवढे तरी त्यावरून निष्पन्न होते.

स्वातंत्र्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर पहिली मोठी ठिणगी पडली तीही एका होडीवरून. कारवारजवळ अंजदीव नावाचे चिमुकले बेट आहे. ते पोर्तुगिजांकडे होते. १७ नोव्हेंबर १९६१ रोजी त्या बेटावरून ‘साबरमती’ या भारतीय आगबोटीवर गोळीबार झाला आणि आठवडाभरात मासेमारी करणाऱ्या एका होडीवर गोळ्या झाडून एका मच्छीमाराचा बळी घेतला गेला. साडेचारशे वर्षांपूर्वी कार्ताझ नसलेल्या गलबताला जे उत्तर मिळे तेच उत्तर हे. महिन्याभरात, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. बेट घेताना पांढरे निशाण दिसल्यावर उतरणाऱ्या तुकडीवर गोळीबार झाला आणि तेथे आपले सात नौसैनिक कामी आले, असे नौदलाच्या इतिहासात नोंदलेले आहे. रामचंद्रपंतांचे तिसरे कलम येथे आठवल्यावाचून राहत नाही.

त्या काळापर्यंत आपल्या पाण्याची हद्द तरी किती होती? जुना युरोपी दंडक असा की किनाऱ्यावरच्या तोफेचा गोळा जेथवर पोहोचेल तेथवर राजाचा अंमल. त्यावरून तीन सागरी मैल ठरले होते. भारताने १९५६ साली ते सहा केले, १९६७ साली बारा केले, आणि १९७६ च्या कायद्याने बारा मैलांपर्यंत प्रादेशिक समुद्र व दोनशे मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केले. एवढ्या पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी ऑगस्ट १९७८ मध्ये कायद्याने तटरक्षक दल उभे राहिले. त्या कायद्यात दलाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत मच्छीमारांना संरक्षण देणे आणि संकटात त्यांना समुद्रावर मदत करणे हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. कोळ्यांच्या प्रत्येक सोसायटीने हे कलम मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावे अशी आमची सूचना आहे.

१९८२ साली संयुक्त राष्ट्रांचा समुद्राचा करार झाला. भारताने तो १९९५ साली आणि पाकिस्तानने १९९७ साली मान्य केला. त्याचे ७३ वे कलम गरिबांच्या कामाचे आहे. दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून धरलेली नौका आणि खलाशी योग्य जामिनावर लवकर सोडावेत, आणि त्या देशांत तसा वेगळा करार नसेल तर या गुन्ह्याला तुरुंगवासाची शिक्षा देऊ नये, असे ते सांगते. कलम चांगले आहे, पण ते बारा मैलांच्या आतल्या पाण्याला लागू नाही. आणि कच्छच्या सर क्रीकपाशी तर दोन देशांची पाण्यातली सीमाच ठरलेली नाही. कच्छच्या रणाचा निवाडा लवादाने १९६८ साली दिला, पण खाडीचा वाद तसाच राहिला. ज्या पाण्यात दोन सरकारांना आपली हद्द सांगता येत नाही, त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्या तांडेलाने ती ओळखावी अशी अपेक्षा आहे.

याची किंमत आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्हा मोजतो आहे. डहाणू-पालघरकडचे कोळी आणि आदिवासी तरुण हंगामाला गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट दुसऱ्याची, डिझेल दुसऱ्याचे, कोठे जायचे ते ठरवणाराही दुसराच. बोट धरली गेली की तुरुंगात मात्र हा जातो, आणि त्या दिवसापासून घरची मजुरी बंद. दोन्ही देशांनी २१ मे २००८ रोजी एक करार केला. कैद्याला आपल्या देशाच्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांच्या आत भेटता यावे, शिक्षा पुरी होऊन नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात त्याला परत पाठवावे आणि दर वर्षी १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण व्हावी, असे त्यात ठरले. याद्या येतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार, आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. सुटका मात्र वेळापत्रकाने होत नाही. ती दोन सरकारांच्या मर्जीच्या भरती-ओहोटीवर होते. शिक्षा संपूनही माणसे आत राहतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी ओख्याच्या ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानच्या सागरी दलाच्या गोळीबारात पालघर जिल्ह्यातलाच एक खलाशी मेला. तो मासे मारायला गेला होता. लढाईला गेला नव्हता.

समुद्राची ही गोष्ट. आकाशाची याहून अवघड. होडी थांबवता येते, विमान हवेत थांबवता येत नाही. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाच्या आकाशावर त्या देशाची पूर्ण सत्ता मान्य केली. पण वाट चुकलेल्या प्रवासी विमानाचे काय करायचे हे त्यात स्पष्ट नव्हते. १ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने वाट चुकलेले कोरियन प्रवासी विमान पाडले आणि २६९ जीव गेले. त्यानंतर १९८४ च्या मे महिन्यात शिकागो करारात नवे कलम घातले गेले: उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, आणि त्याला अडवायचे झाले तरी आतल्या माणसांचे प्राण धोक्यात घालू नयेत. ते अंमलात यायला १९९८ उजाडले. मधल्या काळात, १९८८ च्या जुलैत, अमेरिकेच्या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे मेली.

भारत आणि पाकिस्तान यांनी ६ एप्रिल १९९१ रोजी दिल्लीत आकाशाचा एक करार केला. लढाऊ विमानांनी परस्परांच्या आकाशापासून दहा किलोमीटर दूर राहावे, निःशस्त्र मालवाहू विमानांनी एक हजार मीटरपर्यंतच यावे, आणि आगळीक झाली तर त्वरित चौकशी करून निकाल दुसऱ्या बाजूला कळवावा, असे त्यात ठरले. पाण्यावर रेघ ओढता येत नाही म्हणून दोन्ही बाजूंना रुंद बांध सोडण्याची ही शेतकऱ्याची युक्ती आहे. तरीही १० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या सीमेवर भारतीय वायुसेनेने पाकिस्तानी नौदलाचे ‘अटलांटिक’ हे गस्ती विमान पाडले आणि १६ जण मेले. विमान आमच्या हद्दीत होते असे भारताने सांगितले, ते आमच्याच हद्दीत होते असे पाकिस्तानने सांगितले. पाकिस्तान हेगच्या जागतिक न्यायालयात गेला. जून २००० मध्ये त्या न्यायालयाने हा खटला चालवण्याचा आपल्याला अधिकार नाही असा निर्णय दिला. म्हणजे नियम होता, पण नियम मोडला कोणी हे सांगणारा पंच नव्हता.

कोणी म्हणेल, शत्रू दाराशी असताना या नियमांचे कौतुक कशाला? २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र विसरलात काय? विसरलो नाही. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका समुद्रात बळकावून, तिच्यावरच्या खलाशांना ठार करूनच ते दहा जण मुंबईपर्यंत आले. त्या हल्ल्याचे पहिले बळी समुद्रावरचे कामगार होते. आणि कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी ते उतरले तेव्हा त्यांना प्रथम हटकले तेही तिथल्या कोळी लोकांनीच. त्यांचे म्हणणे वेळीच कोणी मनावर घेतले नाही. पुढे २००९ साली किनारी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी तटरक्षक दलाकडे आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. हे सारे रास्तच झाले. पण ओळखपत्र हे कोळ्याला अडवण्याचे साधन व्हायचे की त्याला आपला मानण्याचे, हे कार्डावर छापलेले नसते; ते गस्तीवरच्या जवानाच्या शिकवणीवर ठरते. ज्या कोळ्याला रोज अपमान सोसावा लागतो, तो पुढच्या वेळी अनोळखी होडी दिसली तरी खबर द्यायला येणार नाही.

घाईने चाप ओढला की काय होते, हे केरळच्या किनाऱ्यानेही पाहिले आहे. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन जहाजावरच्या सैनिकांनी चाचे समजून एका मासेमारी नौकेवर गोळ्या झाडल्या. दोन मच्छीमार मेले. नुकसानभरपाईचे दहा कोटी रुपये जमा होऊन भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ते प्रकरण बंद व्हायला जून २०२१ उजाडला. सुरुवातीला आम्ही म्हटले होते की होडीतल्या माणसाला चाचा आणि पहारेकरी एकसारखे दिसतात. येथे पहारेकऱ्याला होडीतला माणूसच चाचा दिसला.

आता आरंभीचे तीन प्रश्न पुन्हा विचारून पाहा. परवाना देणाऱ्यालाही बांधतो काय? कागदावर आज पूर्वीपेक्षा अधिक बांधतो. कार्ताझच्या काळात ‘रहिमी’ला दाद मागायला बादशहाच लागला, आज निदान करारातले कलम दाखवता येते. पहारेकऱ्याचे पोट पैदाशीवर चालते काय? नाही; जगभर लुटीचा हिस्सा गेला आणि पगार आला, ही मोठी मजल आहे, आणि आपल्याकडे ती वाट कागदावर तरी १७१५ लाच आखली गेली होती. धरलेल्याचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर अजून समाधानकारक नाही. धरणारा एक आणि न्याय देणारा दुसरा, एवढे झाले. पण न्याय झाल्यावरही माणूस घरी पोहोचत नाही, आणि बोटी तर क्वचितच परत येतात. दोन्ही देशांनी २००८ च्या करारातली महिन्याची मुदत अक्षरशः पाळली, सर क्रीकचा वाद मिटेपर्यंत त्या पाण्यात चुकून आलेल्या होडीला धरण्याऐवजी परत फिरवण्याचा दंडक ठेवला, आणि खलाशी कैदेत असताना त्याच्या घरची मजुरी चालू ठेवण्याची जबाबदारी बोटमालकावर व सरकारवर टाकली, तर कोणाच्याही सार्वभौमत्वाला ओरखडा जाणार नाही.

या मागण्या कोळ्यांनी अनेकदा केल्या आहेत. पण लोकसभेत कोळीवाड्यांची मते थोडी आणि आतल्या मुलखाची मते फार. म्हणूनच समुद्र नसलेल्या नागपुरात आम्ही हा विषय मांडला. पुढच्या १ जानेवारीला आणि १ जुलैला वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कैद्यांच्या याद्यांची चार ओळींची बातमी येईल. श्रोत्यांनी ती शोधून वाचावी, त्यातला मच्छीमारांचा आकडा मागच्या यादीशी ताडून पाहावा, आणि तो कमी का झाला नाही हे आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारावे.